रात्री उघडणारी तोंडं : अगाशीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

२० एप्रिल

सईची नववीची परीक्षा परवा संपली आणि आज ती आजोळी, म्हणजे आमच्याकडे, राहायला आली. येताना एक प्रश्न घेऊनच आली. वाळवंटातल्या झाडांच्या पानांचे काटे होतात, म्हणून पाणी वाचतं, हे तिने पाठ केलं होतं. "पण मावशी, हवा आत घ्यायला छिद्रं उघडावीच लागणार ना? छिद्र उघडलं की पाणी जाणारच. मग वाचलं काय?"

पंधरा वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवते आहे, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. आणि खरी मेख तिथेच आहे. पर्णरंध्र उघडल्याशिवाय कार्बन डायॉक्साइड आत येत नाही, आणि ते उघडलं की आतली ओल बाहेर. उपासमार किंवा तहान, दोन्हीपैकी एक पत्करायचं. सुट्टीत हेच करून पाहायचं ठरलं.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची अगाशी पश्चिमेला सताड उघडी आहे. बारा वाजल्यापासून फरशीवर पाय ठेववत नाही. प्रयोगाला याहून चांगली जागा बडोद्यात शोधूनही मिळाली नसती. तीन कुंड्या घेतल्या : मिरचीचं रोप, कोरफड, फड्या निवडुंग. कुंड्या प्लॅस्टिकच्या, कारण मातीची कुंडी स्वतःच पाझरते. मिरचीच्या जागी आधी तुळस घेणार होतो. आईने साफ सांगितलं, "तुळशीला तहानलेली ठेवायची? माझ्या घरात नाही." ते बरोबरच होतं.

तिन्ही कुंड्यांना भरपूर पाणी घातलं. रात्रभर निथळू देऊन उद्या मातीवर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं, म्हणजे वजन घटेल ते फक्त झाडाने सोडलेल्या पाण्यामुळे. रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन. त्यानंतर पाणी बंद.

२१ एप्रिल

प्लॅस्टिक बांधताना सई ओरडली, "मावशी, निवडुंगाला पानं आहेत!"

आहेत. निवडुंगाला एक नवा फड फुटलाय, अंगठ्याएवढा, कोवळा हिरवा. त्यावर ओळीने छोटी मांसल शिंगं होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, टोकाशी लालसर. ती निवडुंगाची खरी पानं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक उशीसारखा ठिपका असतो आणि काटे त्यातूनच येतात. फड जुना झाला की ही पानं गळतात, उरतात काटे. आपण ज्याला निवडुंगाचं पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड आहे, आणि अन्न तयार करण्याचं काम तेच करतं. भिंगातून पाहिलं तेव्हा एका शिंगाच्या बुडाशी केसांचा पिवळट झुबका दिसला. मी बोट लावलं आणि फसले. ते केस म्हणजे उलट्या दातऱ्यांचे बारीक काटे, लागल्याचं कळतही नाही. सेलोटेप चिकटवून ओढल्यावर बरेचसे निघाले, दोन-तीन संध्याकाळपर्यंत टोचत होते.

जाड फडाच्या मधोमध मार्करने खूण करून शाळेतल्या व्हर्नियरने जाडी घेतली : २२ मिमी.

२५ एप्रिल

चार दिवसांची सरासरी.

मिरची : दिवसा १४० ग्रॅम घट, रात्री १४. 
कोरफड : दिवसा ४, रात्री ७. 
निवडुंग : दिवसा ३, रात्री ८.

मिरचीच्या आकड्यात नवल नाही. खालच्या दोन आकड्यांकडे मात्र सई बराच वेळ बघत बसली. आमचा काटा एक ग्रॅमच्या खाली जात नाही, तेव्हा ३ आणि ४ यांतल्या फरकाला अर्थ नाही. पण रात्रीची घट दिवसापेक्षा जास्त, हे चारही दिवस, दोन्ही झाडांत सारखं आलं. ऊन नाही, हवा त्यातल्या त्यात गार, आणि त्याच वेळी ही झाडं पाणी सोडतात. म्हणजे तोंडं तेव्हाच उघडतात.

तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ही झाडं हवा रात्री घेतात. अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही, म्हणून आत आलेला कार्बन डायॉक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. हे मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं. ते पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पिशवीत, रात्रभर साचत जातं. उजाडलं की रंध्रं बंद. मग दारं लावून आतल्या आत आम्ल मोडायचं, त्यातून कार्बन डायॉक्साइड सुटतो आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर होते. एक ग्रॅम कार्बन डायॉक्साइड मिळवायला मिरची किंवा गव्हासारखं झाड साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी खर्च करतं, मका-ज्वारीच्या पद्धतीचं, म्हणजे हवा दिवसाच पण काटकसरीने घेणारं, २५० ते ३००, आणि ही रात्रपाळीवाली मंडळी ५० ते १००.

सईने लगेच विचारलं, मग सगळीच झाडं असं का करत नाहीत? कारण रिक्तिकेत रात्री जेवढं आम्ल मावेल तेवढीच दुसऱ्या दिवशीची शिदोरी. ती दुपारपर्यंत संपते. म्हणून निवडुंग हळू वाढतो. मिरची तीन महिन्यांत फळाला येते ती तिच्या उधळपट्टीच्या जोरावर, पण त्यासाठी कुणीतरी रोज तांब्या घेऊन यावं लागतं.

२९ एप्रिल

रात्री साचणारं आम्ल मोजायला आज शाळेची प्रयोगशाळा उघडून घेतली. झाड घेतलं पानफुटीचं, तीही रात्रपाळीवाली. काल संध्याकाळी सहाला पानफुटीची पानं तोडली आणि लगेच बर्फाच्या खणात ठेवली. आज पहाटे साडेपाचला त्याच झाडाची, तेवढीच मोठी पानं तोडली. दोन्हींची ५-५ ग्रॅम पानं खलात वाटून, ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये गाळून, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून टायट्रेशन. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मोजनळीत, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड : रसात आम्ल जितकं जास्त तितकं ते जास्त लागतं, आणि आम्ल संपलं की रस गुलाबी होतो.

संध्याकाळच्या पानांचा रस १.४ मिलीत गुलाबी झाला. पहाटेच्या पानांना सई थेंब थेंब सोडत राहिली. दोन, तीन, चार मिली झाले. प्रत्येक थेंब पडला की गुलाबी चक्र उमटायचं आणि ढवळलं की नाहीसं व्हायचं. पाचनंतर ती माझ्याकडे बघायला लागली, ब्युरेट बिघडलं की काय. ६.८ ला रंग टिकला. पुन्हा केलं : ६.६. एकाच झाडाचं पान, मध्ये फक्त एक रात्र, आणि आम्ल जवळजवळ पाचपट.

हे पहिल्यांदा ज्याच्या ध्यानात आलं त्याच्याकडे ब्युरेट नव्हतं. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होता. त्याने पानफुटीचं पान चावून पाहिलं : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू. त्याचं ते टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये छापलं. आपल्या दारात, कुंपणावर आपोआप उगवणाऱ्या पानफुटीवरून ही गोष्ट जगाला कळली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सईला मात्र चावू दिलं नाही. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

३० एप्रिल

रात्री जेवताना हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "घोळीचं तसंच आहे की. उन्हाळ्यातली घोळ पहाटे खुडली तर भाजीला चिंच घालावी लागत नाही, संध्याकाळची मिळमिळीत लागते."

मी पोळीचा घास हातातच धरून बसले. घोळ एरवी मक्याच्या पद्धतीने चालते, पण पाण्याचा ताण पडला की रात्री आम्ल साठवायला लागते. दोन्ही पद्धती एकाच झाडात असणं फार दुर्मिळ, म्हणून शास्त्रज्ञ तिच्यावर काम करतात. आईला हे जिभेने माहीत होतं. घोळीचं बी मिळालं तर पुढे करून पाहायचं.

मिरची आज पूर्ण मान टाकून आहे. कालपर्यंत रात्री सावरायची, आज सकाळी सावरली नाही. तिचं मोजमाप बंद. पाणी घालून पाहिलं, उपयोग झाला नाही.

४ मे

गल्लीच्या तोंडाशी थोराचं कुंपण आहे. सईने वहीत "निवडुंग" लिहिलं, मी खोडायला लावलं. आपण मराठीत काटेरी-मांसल दिसलं की सरसकट निवडुंग म्हणतो, त्रिधारी निवडुंग, फड्या निवडुंग, सगळं एकाच पिशवीत. पण फड्या अमेरिकेचा, थोर आपला. त्यांच्यात जवळचं नातं काही नाही. थोराला खरवडलं की पांढरा चीक येतो, फड्यातून येतो नुसता बुळबुळीत रस. थोराचे काटे जोडीने येतात, फड्याचे त्या उशीतून झुबक्याने. (चीक डोळ्यात गेला तर दृष्टी धोक्यात येते. खरवडायचं काम मी चष्मा लावून केलं.)

मला यात सर्वांत मोठं वाटतं ते हे की दोघांना कुणी एकमेकांची नक्कल करायला सांगितलं नव्हतं. मध्ये महासागर होते. तहान तीच, ऊन तेच, म्हणून दोघांनी पानं टाकली, खोड हिरवं केलं, त्यात पाणी भरलं आणि तोंडं रात्री उघडायला सुरुवात केली.

८ मे

कण्हेर पाहिली. रस्त्यांच्या दुभाजकांवर जिकडेतिकडे लावलेली असते, टँकर कधीतरी येतो, तरी फुललेली. ती रात्रपाळीवाली नव्हे. मग तिचं कसं भागतं?

पानाचा तुकडा बटाट्याच्या खाचेत धरून ब्लेडने काप काढायचे. पहिले दहा-बारा जाड आले. चौदाव्याला सईचा हात बसला, काप पाण्यावर ठेवला तर दिसेनासा होईल इतका पातळ. सॅफ्रॅनिनच्या लाल रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली धरला. वरच्या बाजूला उपत्वचेचा, म्हणजे मेणचट आवरणाचा, जाड, काचेसारखा थर, त्याखाली पेशींच्या दोन-तीन रांगा एकमेकींना चिकटून. खालच्या बाजूला मात्र पानाच्या अंगातच खळगे, आणि प्रत्येक खळग्यात केसांचं रान. रंध्रं पृष्ठभागावर नाहीतच, ती त्या खळग्यांच्या आत आहेत. वाऱ्याची झुळूक तिथवर पोचत नाही, आतली हवा दमट राहते.

सई म्हणाली, "हिने तोंडावर पदर घेतलाय." वहीत तसंच लिहू दिलं. कण्हेर विषारी असते, म्हणून साबणाने हात दोनदा धुतले, आणि तो बटाटा मीच उचलून कचऱ्यात टाकला.

१२ मे

खंडेराव मार्केटात केरडे आलेत. वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, हिरवे, कडू. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "मीठाना पाणीमां पलाळजो, बेन." (मिठाच्या पाण्यात भिजवा.) आईला ते सांगायची गरज नव्हती, लोणच्याची बरणी तिने आधीच धुऊन ठेवली होती. केरडा म्हणजे आपली नेपती. कच्छ-सौराष्ट्राकडे जाताना रेल्वेलाइनच्या कडेला हिरव्या काड्यांचा नुसता गुंता दिसतो, ती. कोवळ्या फांदीवर इवली पानं येतात आणि थोड्याच दिवसांत गळतात. पुढे वर्षभर हिरव्या काड्याच अन्न तयार करतात.

येताना देवळातल्या शमीखाली थांबलो. दसऱ्याला आम्ही हिच्याच पाया पडतो. शेजारचे शिरीष धुळकट, मलूल झालेत, आणि शमीला कोवळी पोपटी पालवी आहे, मे महिन्याच्या मध्यात! पाऊस पडून सात महिने झाले. शमी बचत करतच नाही. ती खोल जाते. तिचं सोटमूळ उन्हाळा पोचत नाही तिथवर उतरतं, आणि मग वर उन्हाची फिकीर उरत नाही. हिच्या अमेरिकन चुलतभावंडांपैकी एकाची मुळं ॲरिझोनातल्या खाणीत ५३ मीटर खोल सापडली होती. सई हिशेब करत होती, सतरा-अठरा मजले.

त्याच कुळातला गांडो बावळ, आपली वेडी बाभूळ, कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात मुद्दाम लावला गेला, खारं रण पुढे सरकू नये म्हणून. आज तिथलं गवताळ रान त्याने गिळलंय. तग धरण्याचा गुण आपण नुसता कौतुकाने सांगतो, मला ते पटत नाही. जिथलं झाड तिथे तो गुण शोभतो. थरच्या वाळवंटातल्या शेतकऱ्याने शमी शेतात राखली आणि तिच्या सावलीत बाजरी घेतली. बन्नीच्या मालधारी पशुपालकांची गुरं मात्र गवताला मुकली.

१८ मे

पारा चार दिवस ४२ च्या वर. पाणी बंद करून सत्तावीस दिवस झाले.

निवडुंगाचे आकडे : दिवसा १, रात्री १. काल दोन्ही शून्य.

सईला वाटलं, मेला. फडाची जाडी २२ वरून १५ मिमीवर आलीय, कातडीवर उभ्या बारीक सुरकुत्या, रंग थोडा पिवळट. पण नखाने दाबलं तर आत घट्ट. मेला नाही, त्याने रात्रीही तोंड बंद केलंय. आता त्याचा कारभार पूर्ण आतल्या आत : श्वसनातून निघणारा कार्बन डायॉक्साइड बाहेर न टाकता रात्री आम्लात धरायचा, दिवसा तोच पुन्हा वापरायचा. वाढ थांबते, वजन वाढत नाही, पण यंत्र चालू राहतं. दुकान बंद, पण माजघरात दिवा आहे.

खात्रीसाठी फडाचा ५ ग्रॅमचा तुकडा संध्याकाळी आणि एक पहाटे कापला. संध्याकाळी १.२ मिली, पहाटे २.३. फरक कमी, पण आहे. बाहेरून काहीही येत नसताना आत रात्रंदिवस हा हेलकावा चालू आहे. हा आकडा लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

२१ मे

सकाळी निवडुंगाच्या कुंडीचं वजन ४१० ग्रॅमने वाढलेलं. काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला.

आईने पाणी घातलं. काल दुपारी पापड वाळवायला वर गेली होती, प्लॅस्टिक सोडलं, तांब्याभर पाणी ओतलं, पुन्हा बांधलं. "महिनाभर दारात कुणी तहानलेलं ठेवतं का? तुमचं शिक्षण तुम्हांला लखलाभ." सई रडवेली झाली. मी आईला काही बोलले नाही. तिचा जीव ज्यात अडकला होता तेच आम्ही महिनाभर मोजत होतो. वहीत "पाणी दिले" एवढी नोंद करून वजन घेणं चालू ठेवलं.

२५ मे

रात्रीची घट : २१ ला १, २२ ला २, २३ ला ५, काल ८. दिवसाची अजून १-२. चार रात्रींत तोंडं पुन्हा उघडली. जाडी १५ वरून १८.५ मिमी, सुरकुत्या बऱ्याच गेल्या. आई पाणी न घालती तर हे आम्हांला दिसलंच नसतं.

कुंडीच्या कडेची माती चमच्याने अलगद उकरली. जुनी मुळं तपकिरी, सुतळीसारखी वाळलेली. त्यांच्या अंगावरून जागोजागी दोऱ्याएवढी पांढरीशुभ्र नवी मुळं निघालीत, सर्वांत लांब १८ मिमी. ही पावसाची मुळं. ओल लागली की काही तासांत किंवा दिवसांत फुटतात, मिळेल तेवढं ओढतात, आणि माती सुकली की झडतात. कोरड्या मातीत बारीक मुळं जिवंत ठेवायची तर मातीच झाडातलं पाणी ओढून घेणार. म्हणून गरज सरली की ती टाकून द्यायची, नळ काढून भोक बुजवावं तसं. कोरडी जुनी मुळं आक्रसतात, माती आणि मूळ यांच्यात फट पडते, त्यानेही पाणी उलटं जाणं थांबतं.

आई खाली वाकून बराच वेळ त्या पांढऱ्या मुळांकडे बघत होती. मग म्हणाली, "माती परत लोटा गं, ऊन लागेल त्यांना."

९ जून

शाळा सुरू होणार, सई उद्या परत जाईल. तक्ते काढून झाले. एक जागा रिकामी ठेवलीय, अमेरिकेतल्या साग्वारो निवडुंगाच्या चित्रासाठी : त्याच्या खोडाला घागऱ्यासारख्या उभ्या चुण्या असतात, पाऊस पडला की चुण्या उलगडून खोड फुगतं, कातडी फाटत नाही. आपल्या फडाची १५ आणि १८.५ मिमी ही त्याचीच छोटी गोष्ट.

कोरफडीचं थोडक्यात : निवडुंगासारखंच, पण इतकं ताणून नाही. पानं तांबूस झालीत आणि आत वळलीत. तिला उद्यापासून पाणी.

२४ जून

काल रात्री पहिला मोठा पाऊस. सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवल्या.

२९ जून

मेलेल्या मिरचीची कुंडी तशीच कोपऱ्यात पडून होती. तिच्यात आज लालसर देठांची बारकी रोपं दिसली, मोजली तर एकोणीस. घोळ! बी कधी पडलं कोण जाणे, त्या तापलेल्या मातीत दोन महिने आमच्या डोळ्यांदेखत पडून होतं आणि आम्ही कुंडी रिकामी समजत होतो. वाळवंटात कितीतरी झाडं हेच करतात. उन्हाळा सोसायचाच नाही, तेवढे दिवस बी होऊन राहायचं. काहींच्या बियांवर उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती धुऊन निघण्याइतका पाऊस झाला तरच बी रुजतं, नुसत्या शिडकाव्याला फसत नाही.

सईला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आत्ता पाणी भरपूर आहे ना, म्हणजे ही पहाटे आंबट नसणार. अर्धी रोपं दुसऱ्या कुंडीत लाव आणि पत्र्याखाली ठेव, कोरडी. मी शनिवारी येते. आजीला सांग, खुडू नकोस."

दहा रोपं हलवली. नऊ पावसात ठेवली. आईला सांगितलं.